टायमिंग बेल्टसोबत वॉटर पंप बदलणे ही लूट नव्हे

टायमिंग बेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्ह म्हणजे झडपा आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) बदलताना न गळणारा वॉटर पंपही (इंजिन थंड ठेवणारे कूलंट फिरवणारा पंप) बदलायला सांगणारा मेकॅनिक बिल फुगवतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. रेनो डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे तिथवर पोहोचण्यासाठी जे काही खोलावे लागते, त्याची मजुरी दोन्ही कामांना मिळून एकदाच पडते. जुना पंप काही महिन्यांनी गळू लागला तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. त्याचे बेअरिंग जाम होऊन बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाचेच काम निघते. मारुतीच्या के-मालिकेतील इंजिनांत मात्र या बेल्टऐवजी टायमिंग चेन असते आणि पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, म्हणून तिथे हा सल्ला लागू होत नाही.