पोटठेकेदाराला कोणता विमा लागतो? पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सेंट्रिंग, प्लास्टर, रंगकाम, वायरिंग, काहीही पोटठेक्यावर घेतलं की वर्क ऑर्डरमध्ये सहसा एक अट असते: विम्याची प्रत दिल्याशिवाय माणसं साइटवर आणायची नाहीत. मुख्य ठेकेदार हे उगाच मागत नाही. तुमचा मजूर परांचीवरून पडला तर तो भरपाई थेट मुख्य ठेकेदाराकडे मागू शकतो, मग ती तुमच्याकडून वसूल करणं त्याचं काम. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात हेच होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणूनच पॉलिसी नसली की रनिंग बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) अडतं.

रकमेचा अंदाज घ्या. 30 वर्षांचा मजूर दगावला आणि महिन्याचं वेतन 15,000 धरलं, तर त्याचे निम्मे 7,500 गुणिले 207.98 (कायद्यात त्या वयासाठी दिलेला आकडा), म्हणजे 15,59,850 रुपये.

आधी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं का ते बघा. 10 किंवा जास्त माणसं असतील, तर 21,000 पर्यंत वेतन असलेल्यांची नोंदणी करावी लागते, मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. त्यात न बसणाऱ्या सगळ्यांसाठी डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे मजुरांच्या अपघात-भरपाईचा विमा. खात्यातून 20 रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा मजुराने जरूर घ्यावा, पण तो दाखवून तुमची जबाबदारी सुटत नाही.

अर्जासोबत पॅन, जीएसटी असल्यास त्याचं प्रमाणपत्र, वर्क ऑर्डरची प्रत, साइटचा पत्ता आणि मजुरांची यादी (वय, काम, पगार) तयार ठेवा. खरी गोम फॉर्ममधल्या ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात आहे. हप्ता कमी यावा म्हणून नुसतं ‘रंगकाम’ लिहायचं आणि माणूस सातव्या मजल्याच्या बाहेर झुल्यावर लटकवायचा, मग क्लेम अडकला की एजंटला शिव्या द्यायच्या! उंचीवरचं काम असेल तर तसं स्पष्ट लिहा. यादीत 8 माणसं आणि साइटवर 15, किंवा पगार अर्धा दाखवलेला, हेही तितकंच महागात पडतं. दवाखान्याचा खर्च बऱ्याचदा वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो, तो घ्याच. पुढे दुसऱ्या मुकादमाला काम देणार असाल तर त्याची माणसंही पॉलिसीत लिहून घ्या. कामाची मुदत वाढली की पॉलिसीचीही वाढवा.

बांधकामाच्या नुकसानीची सीएआर पॉलिसी बहुधा मुख्य ठेकेदार काढतो. राज्य सरकारच्या कामांच्या निविदांमध्ये ती वांद्र्याच्या विमा संचालनालयाकडूनच घेण्याची अट असते. तिची प्रत मागा आणि विमाधारकांमध्ये पोटठेकेदार धरलेत का ते वाचा. तुमच्या मजुरांची भरपाई मात्र त्यातून मिळेल असं समजू नका.

अपघात झालाच तर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. हजेरीपट, पगाराची नोंद, दवाखान्याचे आणि पोलिसांचे कागद जपा. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते; तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल सोडली, तर नातेवाइकांच्या हातात परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाईत धरत नाही.