साथीच्या काळात दाखल रुग्णाचे उपचाराचे कागद मिळवण्यासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

साथरोग पसरला की रुग्णालयांना नातेवाइकांचा वॉर्डातील वावर थांबवावा लागतो, आणि आत काय चालले आहे हे कळण्यासाठी फोन आणि कागद एवढेच उरतात. कोरोनाच्या काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी हे छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयाच्या आवारात, जिल्हा रुग्णालयांबाहेर आणि खाजगी दवाखान्यांच्या पायऱ्यांवर सोसले आहे. आपत्तीच्या आराखड्यात खाटा आणि ऑक्सिजन यांच्याबरोबरच नातेवाइकांना रोज कोण, किती वाजता कळवणार हेही ठरलेले असले पाहिजे. दाखल करतानाच ते निःसंकोचपणे विचारावे.

त्याच वेळी केस पेपरवर संपर्कासाठी दोन क्रमांक लिहून द्यावेत, एक रुग्णालयाजवळ थांबणाऱ्याचा आणि दुसरा घरच्या माणसाचा. रुग्णाचे नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिले आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. आधारवर ‘शेषराव’ आणि केस पेपरवर ‘शेशराव’ असा फरक राहिला, तर पुढे विम्याच्या दाव्यात किंवा मृत्यू प्रमाणपत्रात तोच अडथळा ठरतो आणि दुरुस्तीसाठी दुखवट्यातल्या घराला खेटे घालावे लागतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाच्या उपचारांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने त्या मागितल्यास मागणीची पोच देऊन 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. रुग्ण सही करू शकत असल्यास त्याच्या सहीचे अधिकारपत्र घ्यावे. रुग्ण दगावला असल्यास मृत्यू प्रमाणपत्र आणि नाते दाखवणारा कागद, उदाहरणार्थ रेशन कार्ड, जोडावा.

अर्ज सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे आणि खाजगी रुग्णालयात व्यवस्थापनाच्या नावे करावा. त्यात रुग्णाचे पूर्ण नाव, दाखल झाल्याची व सुटी किंवा मृत्यूची तारीख, आंतररुग्ण क्रमांक आणि हवे असलेले कागद स्पष्ट लिहावेत: केस पेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांचा तक्ता, डिस्चार्ज कार्ड, बिल. सोबत अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत द्यावी. अर्ज दोन प्रतींत नेऊन एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये, कारण 72 तास नेमके कधी सुरू झाले हे दाखवणारा दुसरा पुरावा सहसा आपल्या हाती नसतो.

सरकारी रुग्णालयाने दाद दिली नाही, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तेथील जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी संबंधित असेल, तर ती 48 तासांत द्यावी लागते, म्हणून रुग्ण अजून आत असल्यास तसे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. वैद्यकीय माहिती खाजगी स्वरूपाची असल्याने नात्याचा पुरावा याही अर्जाला जोडणे शहाणपणाचे ठरते. उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत दुसरे अपील करता येते. मराठवाड्यासाठी हे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते.