रेल्वेमार्गात घर जातंय? हरकत देण्याआधी हे तपासा

बेळगाव–कित्तूर–धारवाड मार्ग असो की पुढेमागे येणारा वेगवान मार्ग, नोटिशीत आधी कलम बघा. मुदत त्यावरच ठरते. रेल्वे कायद्याचं २०अ असेल तर ३० दिवस, २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ असेल तर ६० दिवस. दोन्ही मुदती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून धावतात, कागद तुमच्या दारात आल्यापासून नाही. केआयएडीबीची (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ) त्यांच्या कायद्यातल्या कलम २८(२)ची नोटीस मात्र मिळाल्यापासून ३० दिवस. कन्नड नोटीस वाचून घ्यायला आठवडा घालवू नका, चांगल्या चांगल्या हरकती यातच बाद होतात.

‘रूळ दहा फूट सरकवा’ एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन ताशी ३२० किमीने धावणार आहे, त्यामुळे वळणाची त्रिज्या किलोमीटरांत मोजतात. एक घर वाचवायला कित्येक किलोमीटरची आखणी बदलावी लागते. मुंबईच्या दाट वस्तीखालून शिळफाट्यापर्यंत २१ किमीचा बोगदा आहे तो उगीच नाही. त्यापेक्षा चुकलेला आर.एस. (सर्व्हे) नंबर, कमी दाखवलेलं क्षेत्र, तुटणारी वाट किंवा नाला हे मुद्दे नकाशासह मांडा. घराचा तुकडाच जात असेल तर २०१३च्या कायद्यात (कलम ९४) अख्खं घर घ्या म्हणता येतं. दराचं भांडण या टप्प्यावर नको.

उतारा, डायरी (फेरफार नोंद), ईसी (बोजा प्रमाणपत्र), घरपट्टीची पावती हे नेहमीचे कागद. खरा घोळ बाँडवर (नुसत्या स्टॅम्प पेपरवर) घेतलेल्या जागेचा. नोंदणीकृत खरेदीपत्र नाही, उताऱ्यावर अजून जुन्या शेतमालकाचं नाव, आणि भरपाई त्याच नावाने निघते! अशांनी गप्प बसू नये. बाँड, हेस्कॉमची (वीज कंपनीची) बिलं आणि घरपट्टीच्या पावत्या जोडून आपला हक्क लेखी नोंदवा, म्हणजे वाटणीचा वाद न्यायालयाकडे जाऊ शकतो.

उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर वंशावळ काढून वारसा डायरी आजच करायला टाका. कन्नड उताऱ्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र जोडा. एका अक्षरासाठी माणसाला परत पाठवणं अन्यायाचं आहे, पण पाठवतात.

हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. २०१३च्या कायद्याखाली रक्कम कमी वाटली तर पैसे घेताना ‘हरकत राखून’ असं लिहूनच सही करा, नाहीतर कलम ६४खाली दाद मागता येत नाही. निवाड्याच्या (भरपाई ठरवणाऱ्या निर्णयाच्या) वेळी हजर असाल तर त्या अर्जाला सहाच आठवडे मिळतात.