एस३ चा ईटॅग: ‘फाइल तीच आहे का?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

दोन यंत्रांवरच्या फायली एकसारख्या (सिंक) ठेवणाऱ्या, १९९६ मध्ये आलेल्या आरसिंक या साधनाने फाइलचे तुकडे पाडून फक्त बदललेला भाग पाठवण्याची पद्धत रुजवली. त्यासाठी पलीकडच्या यंत्रावरही आरसिंक चालू असावे लागते. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइल एक अखंड ‘ऑब्जेक्ट’ म्हणून ठेवणाऱ्या क्लाउड साठवणीत, ती सोय नाही. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनची एस३ ही अशी सेवा सुरू झाली तेव्हापासून ऑब्जेक्टचा हवा तो भाग वाचता येतो, पण मधले चार बाइट बदलायचे तर सारे ऑब्जेक्ट नव्याने लिहावे लागते. म्हणून सिंक करणाऱ्या साधनांपुढे एकच प्रश्न उरला: तिकडची फाइल इकडचीच आहे का?

सुरुवातीला याचे उत्तर आयते मिळत होते. ५ जीबीपर्यंतचे ऑब्जेक्ट एकाच विनंतीत जाई. यादी मागितली की एका विनंतीत १,००० नावे येत आणि प्रत्येकासोबत आकार, तारीख व ईटॅग असे. हा ईटॅग म्हणजे मजकुराचा एमडी५, अर्थात मजकुरावरून काढलेला ३२ अक्षरी ठसा (चेकसम). स्थानिक फाइलचा एमडी५ काढून ताडला की काम झाले.

नोव्हेंबर २०१० मध्ये मल्टिपार्ट अपलोड (फाइल भागाभागांनी पाठवणे) आले आणि पुढच्याच महिन्यात ऑब्जेक्टची मर्यादा ५ टीबीवर गेली. शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा, भाग जास्तीत जास्त १०,०००, आणि ते कोणत्याही क्रमाने, समांतर पाठवता येतात. अडचण इथेच होती. एमडी५ पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत सलग काढावा लागतो. सुट्या भागांचे एमडी५ हाताशी असले तरी त्यांवरून पूर्ण फाइलचा मिळत नाही. तेव्हा असे ठरले की सर्व भागांचे एमडी५ बायनरी रूपात एकापुढे एक ठेवायचे, त्या माळेचा पुन्हा एमडी५ काढायचा आणि त्यापुढे डॅश देऊन भागांची संख्या लिहायची. १०० एमबीची फाइल ८ एमबीच्या भागांत पाठवली तर ईटॅगच्या शेवटी ‘-१३’ येते, ५ एमबीच्या भागांत ‘-२०’, आणि आधीची ३२ अक्षरेही वेगळी. फाइलचा एक बाइटही बदललेला नसतो.

या निर्णयाच्या बाजूने दोन मुद्दे आहेत. सगळे भाग जोडल्यावर टेराबाइटभर मजकूर केवळ चेकसमसाठी पुन्हा वाचणे महाग पडले असते. शिवाय ईटॅग नेहमी एमडी५ असेलच असे वचन दिलेले नाही. केएमएस या ॲमेझॉनच्या किल्ली-व्यवस्थापन सेवेतील किल्लीने एन्क्रिप्ट केलेल्या ऑब्जेक्टचा ईटॅग तर साध्या अपलोडमध्येही एमडी५ नसतो. तरीही भागाचा आकार यादीत द्यायलाच हवा होता. तो असता तर तोच हिशेब आपल्या यंत्रावर करून ताळा जुळवता आला असता. आकाराचा नुसता अंदाजही धोक्याचा आहे: एस३ ची अधिकृत कमांड एरवी ८ एमबीचे भाग करते, पण ८० जीबीच्या आसपास १०,००० भागांची मर्यादा आडवी येते आणि कमांड भाग आपोआप मोठे करते.

साधनांनी मग आपापली वाट काढली. अधिकृत सिंक कमांडने ईटॅगचा नाद सोडला. ती आकार आणि वेळ पाहते. नव्याने क्लोन केलेल्या (नवी प्रत उतरवलेल्या) कोडच्या रिपॉझिटरीत सर्व तारखा ताज्या असतात, त्यामुळे सगळे पुन्हा अपलोड होते. उलट बाजू जास्त घातक आहे: बॅकअपमधून परत आणलेली, तेवढ्याच आकाराची पण जुन्या तारखेची फाइल कमांड मुकाट्याने वगळते.

आरक्लोन हे दुसरे सिंक साधन फाइलची मूळ वेळ आणि मल्टिपार्ट असेल तर पूर्ण एमडी५ही मेटाडेटात (ऑब्जेक्टसोबतच्या नोंदींत) लिहिते. उपाय चोख आहे, पण यादीत मेटाडेटा येत नाही. १० लाख ऑब्जेक्टची यादी १,००० विनंत्यांत मिळते. वेळ तपासायची तर आणखी १० लाख हेड विनंत्या (एकेका ऑब्जेक्टचा फक्त मेटाडेटा मागणाऱ्या) लागतात. ‘--चेकसम’ दिल्यास वेळ वाचली जात नाही आणि हेड विनंत्या बहुतांशी मोठ्या, मल्टिपार्ट फायलींपुरत्या उरतात. मोठ्या बकेटसाठी (ऑब्जेक्ट ठेवण्याच्या कप्प्यासाठी) हाच पर्याय घ्यावा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सीआरसी३२, सीआरसी३२सी, एसएचए-१ आणि एसएचए-२५६ हे चेकसमचे नवे पर्याय आले, पण मल्टिपार्टमध्ये तेही भागांच्या चेकसमचा चेकसमच देत. डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण ऑब्जेक्टचा सीआरसी मिळू लागला. भागांचे सीआरसी आणि त्यांची लांबी माहीत असली की मजकूर न वाचता पूर्ण सीआरसी गणिताने काढता येतो; एमडी५ला नेमके हेच जमत नव्हते. मात्र जानेवारी २०२५ पासून ॲमेझॉनच्या साधनांच्या नव्या आवृत्त्या हा चेकसम न विचारता पाठवू लागल्या आणि एस३शी सुसंगत म्हणवणाऱ्या अनेक इतर सेवांवर अपलोड नाकारले गेले. तिथे ‘रिक्वेस्ट चेकसम कॅल्क्युलेशन’ हे सेटिंग ‘व्हेन रिक्वायर्ड’ करावे लागते.

यादीत आता चेकसमच्या पद्धतीचे नाव दिसते, प्रत्यक्ष चेकसम दिसत नाही. तो हवा असेल तर अजूनही ऑब्जेक्टमागे एक विनंती लागते.