लोरा आणि लोरावॅन: आवाजी निरोप कशावरून पाठवायचा?

लोरा ही नुसती रेडिओ सिग्नल पाठवण्याची पद्धत. लोरावॅन ही तिच्यावर उभारलेली जाळ्याची व्यवस्था: नोड (रेडिओ असलेलं छोटं यंत्र) गेटवेशी, म्हणजे जाळ्याच्या मधल्या ठाण्याशी, बोलतो, गेटवे सर्व्हरशी, दोन नोड एकमेकांशी थेट बोलत नाहीत. नावं जुळी असल्याने आवाज पाठवायचा म्हणून गेटवे विकत घेतला जातो आणि फसगत होते.

आधी आवाज लहान करावा लागतो. त्यासाठीच्या कोडेक २ या प्रणालीच्या १२०० बिट प्रतिसेकंद मोडमध्ये दर ४० मिलिसेकंदांच्या आवाजाचा ६ बाइटचा एक तुकडा, म्हणजे फ्रेम, होते. दहा सेकंदांचा निरोप १५०० बाइटचा.

एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२६२ या लोरा रेडिओ चिपवर थेट लोरा वापरली, तर पॅकेट २५५ बाइटपर्यंत चालतं. त्यात ४० फ्रेम भरा, पुढे ४ बाइटांत निरोपाचा आणि पॅकेटचा क्रमांक. स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा, तितका पल्ला जास्त आणि वेग कमी) ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, कोडिंग रेट (चूक-दुरुस्तीच्या जादा बिटांचं प्रमाण) ४/५ ठेवला तर सात पॅकेटं मिळून सुमारे २.४ सेकंदच हवेत असतात. पल्ल्यासाठी फॅक्टर १२ केला की हेच ५५ सेकंदांवर जातं. मग थेट बोलणं विसरा, रेकॉर्ड करून पाठवा. फ्रेम दोन पॅकेटांत तोडू नका, नाहीतर एक हरवल्यावर शेजारच्यातलीही फ्रेम वाया जाते. भरलेलं पॅकेट हरवलं तर १.६ सेकंदांचा आवाज जातो, म्हणजे दोन-चार शब्द. सिग्नल डळमळीत असेल तर १६ फ्रेमची पॅकेटं बरी: खड्डा ०.६४ सेकंदांचा. आणि माइक तोंडाजवळच हवा. हा कोडेक एकाच माणसाचा आवाज गृहीत धरतो, मागे गाणं किंवा गलका असला की शब्द कळत नाहीत.

लोरावॅनवर, युरोपच्या ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात, फॅक्टर १२ ला ५१ बाइटच मावतात. आठ-आठ फ्रेमची ३२ पॅकेटं, हवेत सुमारे ८८ सेकंद. एक टक्का ड्यूटी सायकलच्या नियमाने (एकूण वेळेच्या एक टक्काच प्रक्षेपण करता येतं) पूर्ण निरोप जायला जवळपास अडीच तास लागतात. (हा नियम नुसत्या लोरालाही लागू आहेच, पण २.४ सेकंदांमागे चारच मिनिटं गप्प बसावं लागतं.) द थिंग्ज नेटवर्क या सर्वांना खुल्या लोरावॅनच्या सामाईक जाळ्यावर तर नोडला दिवसाला ३० सेकंदच मिळतात. त्यातून पलीकडचा नोड क्लास ए (लोरावॅनमधला वीज वाचवणारा प्रकार) असेल, तर तो स्वतः काही पाठवल्यावरच क्षणभर ऐकतो.

लोरावॅनच हवं असेल तर ठरलेली वाक्यं पलीकडच्या मेमरी कार्डवर ठेवा आणि एका बाइटचा क्रमांक पाठवा. वाक्य लगेच वाजायला हवं, तर तो नोड सतत ऐकणारा, क्लास सी, हवा.