बाळाला दूध ओढता न येणं: स्तनपानाची मदत आणि ऑक्युपेशनल थेरपी

बाळ अंगावर नीट लागत नाही, लागलं तरी दोन घोट घेऊन झोपतं, ओढता ओढता ठसकतं, कधी तासभर छातीशी असूनही उपाशीच राहतं. दवाखान्यात याला फीडिंग डिफिकल्टी म्हणतात, घरात मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं, "हिला दूधच येत नाही." खरं तर दूध पाजणं हे दोघांचं काम आहे, आईचं आणि बाळाचं, आणि अडचण दोघांपैकी कुणाकडेही असू शकते. आईच्या बाजूने मदत करणारी व्यक्ती म्हणजे लॅक्टेशन कन्सल्टंट, बाळाचं तोंड, शरीर आणि श्वास यांच्या बाजूने बघणारा थेरपिस्ट बऱ्याच ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो. काही हॉस्पिटलांत हेच काम स्पीच थेरपिस्ट करतात. पण कुणीही असो, आधी एक आख्खं पाजणं शांतपणे बसून बघायला हवं, कारण नुसतं आईला विचारून किंवा छाती दाबून बघून यातलं फारसं काही कळत नाही.

दूध पिणं आपल्याला सोपं वाटतं, पण बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका लयीत करायची असतात. पोटात असतानाच बाळ गर्भजल गिळायला लागतं, ओढण्याच्या हालचालीही करतं, पण तिन्हीची सांगड साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास बसायला लागते, पुढे आणखी पक्की होते. म्हणून ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ ओढत नाही यात आईचा दोष नाही आणि बाळ आळशी आहे असंही नाही, त्याची ती वेळच अजून आलेली नसते. अशा बाळाला तोंडातून किंवा नाकातून पोटात घातलेल्या नळीने दूध देतात. ३५-३६ आठवड्यांची बाळं जास्त फसवतात, दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखी, वजनही ठीकठाक, म्हणून लवकर घरी सोडतात आणि मग ती पिता पिता दमून झोपतात, आणि झोपलं म्हणजे पोट भरलं असं सगळ्यांना वाटतं.

आईच्या बाजूचं आधी. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तो थोडाच असतो आणि तेवढाच पुरतो कारण बाळाचं पोटही इवलंसं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते, सिझेरियन झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो. पुढे साधा हिशोब आहे, जेवढं दूध निघेल तेवढं बनेल, साचून राहिलं तर शरीर बनवणं कमी करतं, म्हणून बाळ ओढत नसेल तर हाताने किंवा पंपाने दूध काढत राहणं फार महत्त्वाचं, रात्रीसुद्धा. पकडीत बघायचं ते असं: बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि बोंडासोबत भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात. नुसतं बोंड तोंडात गेलं की भेगा पडतात, आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि बाळाला दूधही कमी मिळतं. "दुखणारच, सहन कर" असं बाळंतिणीला सांगतात, ते चूक आहे. पूर्ण पाजणं होईपर्यंत दुखत राहत असेल तर पकड चुकते आहे किंवा दुसरं काहीतरी कारण आहे, ते शोधायला हवं.

दूध पुरतंय का हे छातीच्या आकारावरून कळत नाही, रडण्यावरूनही नाही. पहिल्या आठवड्यात थोडं वजन उतरणं नॉर्मल आहे, जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत गेलं तर मात्र लगेच लक्ष घालायचं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत ६ वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा.

आता ऑक्युपेशनल थेरपीचं. हे नाव ऐकलं की लोकांना लकवा झालेल्या माणसाचा हात नाहीतर ऑटिझमची मुलं आठवतात. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये झाली, कमला निंबकर यांनी ती केली, त्या मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या. माणसाला रोजची कामं करता यावीत ही या शाखेची मूळ कल्पना, आणि नवजात बाळाचं रोजचं काम म्हणजे पिणं आणि झोपणं, म्हणून ते इथे येतं. थेरपिस्ट आधी बाळ हातात घेऊन बघतो: अंग ढिलं आहे की ताठ, जबडा थरथरतो का, बोट तोंडात दिल्यावर जीभ त्याला कपासारखी गुंडाळते का, चार-पाच घोटांनंतर श्वासासाठी थांबतं का. मग उपाय ठरतो. अंग ढिलं असेल तर मान आणि पाठ एका रेषेत धरून गुंडाळून पाजायचं, पटपट घोट घेऊन ठसकत असेल तर कुशीवर घेऊन मध्ये मध्ये थांबवत पाजायचं, गालाला किंवा हनुवटीला बोटाचा हलका आधार द्यायचा. नळीवरच्या बाळांना दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीवर नुसतं चोखू देतात, त्याने तोंडाला सवय होते आणि नळीवरून तोंडी पिण्यावर यायला कमी दिवस लागतात. ओठ, हिरड्या, गालाची आतली बाजू यांचा ठरावीक क्रमाने हलका मसाज असतो, तोही जेमतेम ५ ते १५ मिनिटांचा, आणि शिकल्याशिवाय घरी करायचा नाही.

टाळू दुभंगलेली असेल तर तोंडात ओढच तयार होत नाही, दूध नाकातून येतं, अशा बाळाला उभं धरून, खास बाटलीने किंवा चमच्याने पाजावं लागतं. डाऊन सिंड्रोमच्या बाळांचे स्नायू ढिले असतात, वेळ जास्त लागतो पण बरीच बाळं अंगावर पिऊ शकतात. जिभेखालची दोरी आखूड असते त्याचा हल्ली फार गाजावाजा होतो, दोरी दिसली म्हणून कापायची असं नसतं, पिण्यात खरंच अडथळा आहे का ते आधी बघायचं. आणि पिताना घाम फुटत असेल, धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील तर थेरपी वगैरे नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ, कारण हृदयाचा दोष कधी कधी असाच पहिल्यांदा लक्षात येतो.

अंगावर येईपर्यंत बाळाला कशाने पाजायचं, तर आपल्याकडे बोंडलं होतंच. चांदीचं किंवा पितळेचं, पुढे निमुळती चोच असलेलं, आजीच्या पेटीत अजून सापडतं. दक्षिणेतली पलाडाई त्याच जातीची, आणि आज नवजात विभागांत कमी वजनाच्या बाळांना वाटी-चमच्याने नाहीतर पलाडाईनेच पाजतात. उकळून स्वच्छ करायला ती बाटलीपेक्षा सोपी. ओतायचं मात्र नाही, ओठाला टेकवून बाळाला स्वतः घेऊ द्यायचं.

आईचं दूध कमी पडत असेल तेव्हा दुसऱ्या आईचं दूध मिळावं म्हणून मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मिल्क बँक सुरू केली, ती आशियातली पहिली. तिथे दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवून मग गोठवून ठेवतात. डब्याच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९९२ चा, तरी अजून पहिल्याच दिवशी डबा लिहून दिल्याचं ऐकू येतं तेव्हा वाईट वाटतं.

घरातल्या रीतींपैकी अळीव, डिंकाचे लाडू, खारीक बाळंतिणीला द्यायला हरकत नाही, पोषण मिळतं, पण पकड चुकत असेल तर लाडवांनी दूध वाढणार नाही. मध चाटवणं मात्र नको, वर्षभर तरी नको, बोट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. मालिशवाल्या बाईने बाळाची छाती पिळणं, तोंडात बोट घालून टाळू उचलणं हेही बंद करायला हवं, त्याने जखम होते, संसर्ग होतो, आणि आधीच नळ्यांचा त्रास सोसलेलं बाळ तोंडाजवळ काहीही आलं की मान फिरवायला लागतं.

लॅक्टेशन कन्सल्टंट आणि असे थेरपिस्ट मुंबई-पुण्यात मिळतात, तालुक्याच्या गावी अवघड आहे. तिथे आशाताई येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, त्याच कामावरून ही पद्धत देशभर गेली. ताई आली की बाळाचं वजन करून घ्यायचंच, पण तिच्यासमोर एकदा पाजूनही दाखवायचं.