मक्याचं कणीस तोडायच्या आधी पाणी उकळत ठेवा

इंग्लंडात अलॉटमेंटवर वर्षानुवर्षं भाज्या लावणारी म्हातारी मंडळी आहेत ना, त्यांचा एक ठरलेला सल्ला असतो, की मक्याचं कणीस तोडायला जायच्या आधी घरी पातेल्यात पाणी उकळायला ठेवून जा. नवीन माणसाला वाटतं चेष्टा करतायत. चेष्टा थोडी आहेच, पण त्यामागचं विज्ञान एकदम पक्कं आहे.

आधी अलॉटमेंट म्हणजे काय ते सांगते. कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, भाजीपाला आणि फळं लावायला. जुन्या मापात पूर्ण प्लॉट 10 रॉडचा, म्हणजे 250 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. हल्ली मागणी फार असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी अर्धाच देतात आणि त्यासाठीसुद्धा वेटिंग लिस्ट. 1922 च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच अशी आहे की तिथलं पीक मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी हवं. त्यामुळे धंदा करता येत नाही, आणि ऑगस्टमध्ये सगळं एकदम उतू जायला लागलं की शेजारीपाजारी, ऑफिस, मुलांच्या शाळेतल्या आया, सगळ्यांना पिशव्या वाटत सुटावं लागतं.

घरची भाजी इतकी चविष्ट का लागते असं विचारलं की लोक लगेच ऑर्गॅनिक, शेणखत, प्रेमाने वाढवलेली वगैरे सुरू करतात. असेलही थोडंफार. पण मला विचाराल तर चवीचा जास्त संबंध घड्याळाशी आणि थर्मामीटरशी आहे. भाजी तोडली म्हणजे मेली असं नसतं, तिच्या पेशी जिवंत असतात, श्वास घेत असतात, एन्झाइम्स, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, आपापलं काम करत असतात, फक्त वरून येणारा पुरवठा बंद झालेला असतो. पुढे कोणती भाजी काय करते ते मात्र प्रत्येकीचं वेगळं.

मक्याचंच बघा. झाडाची पानं ऊन वापरून साखर बनवतात आणि ती दाण्यात पाठवतात. दाण्यातली एन्झाइम्स त्या साखरेचं स्टार्च करून साठवतात, कारण झाडाच्या दृष्टीने तो दाणा बी आहे, आपल्यासाठीचा खाऊ नाही. कोवळ्या दाण्यात साखर येण्याचा वेग जास्त म्हणून तो गोड. कणीस तोडलं की साखर यायची थांबते पण स्टार्च बनवणं चालूच राहतं, वर दाणे श्वसनात साखर जाळतात ते वेगळंच. जुन्या पद्धतीच्या स्वीट कॉर्नमधली 60 टक्क्यांपर्यंत साखर 30 अंशाला एका दिवसात जाऊ शकते आणि तेच कणीस 0 अंशाला ठेवलं तर दिवसभरात जेमतेम 6 टक्के. म्हणजे सकाळी तोडून गाडीच्या डिकीत टाकलेलं कणीस संध्याकाळी घरी येईपर्यंत वेगळीच वस्तू झालेलं असतं. उकळत्या पाण्यात टाकलं की एन्झाइम्स बाद आणि साखर जिथे आहे तिथेच राहते.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे मॉलमध्ये कपात बटर मसाला घालून देतात ते अमेरिकन कॉर्न तर कधीही गोडच असतं. बरोबर, कारण ती जात वेगळी. 1950 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांच्या लक्षात आलं की मक्यात एक जीन बिघडलेला असेल तर स्टार्च बनवायची पहिलीच पायरी अडखळते आणि दाण्यात साखरेचा साठा होतो. असे दाणे वाळले की पार आक्रसून जातात, म्हणून त्या जीनचं नावच श्रंकन-2. आजचं सुपरस्वीट कॉर्न यातूनच आलं आणि ते तोडल्यावर काही दिवस गोड राहतं. मात्र प्लॉटवर एक भानगड होते. मक्याचं परागीभवन वाऱ्याने होतं, शेजारच्या प्लॉटवर साधा मका असेल आणि त्याचे पराग तुमच्या सुपरस्वीटवर येऊन पडले तर त्याच वर्षी, त्याच कणसात, पिठूळ दाणे येतात. शेजाऱ्याशी आधीच बोलून घेतलेलं बरं. आणि मका एका लांब ओळीत लावू नका, चौकोनी वाफ्यात लावा, नाहीतर पराग वाऱ्याबरोबर निघून जातात आणि कणसात मधेमधे दात पडल्यासारखी जागा राहते.

पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून लिंबू मीठ चोळून खायचं आपलं पांढरं देशी कणीस मात्र या सगळ्या शर्यतीत नाहीच. त्याला स्टार्चच हवा असतो, भाजल्यावर जो खमंगपणा येतो तो सुपरस्वीटला येत नाही, ते नुसतंच चिकट होतं. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

मटाराचीही हीच गोष्ट, पण जास्त मजेदार. शेंग तोडल्यावर काही तासांतच दाण्यातली गोडी उतरायला लागते, त्यामुळे वेलाशी उभं राहून सोलून तोंडात टाकलेला मटार आणि दोन दिवस दुकानात पडलेला मटार यात तुलनाच नाही. फ्रोझन मटाराला लोक उगाच नावं ठेवतात. तो शेतातून निघाल्यावर काही तासांत वाफवून गोठवलेला असतो, त्यामुळे शिळ्या ‘ताज्या’ मटारापेक्षा मी तरी डोळे झाकून तोच घेईन.

मजा पुढे आहे. शाळेत मेंडेल शिकलात ना, गोल वाटाणे आणि सुरकुतलेले वाटाणे? त्याने दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले मोजले होते, जवळजवळ तीनास एक. हे त्याने 1866 मध्ये छापलं, पण वाटाणा का सुरकुततो याचं उत्तर मिळायला 1990 उजाडलं आणि ते मिळालं इंग्लंडातच, नॉर्विचच्या जॉन इन्स संस्थेत. तिथल्या संशोधकांनी दाखवलं की स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमचा जीन सुरकुतलेल्या वाटाण्यात मोडलेला असतो, कारण त्याच्या मधोमध डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. स्टार्च नीट बनत नाही म्हणून साखर उरते, साखर जास्त म्हणून कोवळ्या दाण्यात पाणी जास्त ओढलं जातं, दाणा टम्म फुगतो आणि वाळताना ते पाणी गेलं की सालाला सुरकुत्या. म्हणजे मेंडेलने जे मोजलं ते एका अर्थाने गोड वाटाणे आणि पिठूळ वाटाणे होते!

आणि हे पुस्तकापुरतं नाही. बियांच्या दुकानात ‘केल्व्हेडन वंडर’ नावाचं पाकीट मिळतं, उघडून तळहातावर ओता, सगळे दाणे सुरकुतलेले. हा वसंतात लावायचा, गोड मटार. ‘फेल्टम फर्स्ट’चं पाकीट उघडा, दाणे गोटीसारखे गुळगुळीत. हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येसुद्धा लावता येतो, कारण गोल बी गार ओल्या मातीत तग धरतं. सुरकुतलेल्या बीमधली साखर ओलीत पाझरते, त्यावर बुरशी येते आणि बी कुजून जातं. गोडी हवी तर नाजूकपणाही घ्यावा लागतो, पाकिटावर तसं लिहिलेलं नसतं एवढंच.

आता उलटी गाडी. बटाटा. याच्यात स्टार्च भरपूर असतो, आणि गारठ्यात ठेवला की तो स्टार्च मोडून साखर करतो. साधारण 6-7 अंशांच्या खाली हे जोरात सुरू होतं, आधी साखर बनते आणि मग इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. असे बटाटे तळले की बाहेरून काळपट तपकिरी, चवीला कडवट-गोड. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात वाळवणाचा कारखाना चालतो त्यांना हे पाठच असतं, वेफर्सला नवा बटाटा हवा, कोल्ड स्टोरेजचा नको, नाहीतर उपवासाच्या दिवशी कढईतून लाल वेफर्स निघतात. आजीने यामागची केमिस्ट्री सांगितली नाही पण निकाल बरोबर सांगितला.

रंगाचाच प्रश्न असता तर चाललं असतं. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तळलेल्या, खरपूस भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड तयार होतं, आणि त्यासाठी लागतात नेमक्या या साखरा आणि बटाट्यात असलेलं अॅस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल. प्राण्यांवरच्या प्रयोगात त्याने कॅन्सर होतो असं दिसलंय म्हणून तळण सोनेरी झालं की काढा, करपवू नका. गोड झालेले बटाटे आठ-पंधरा दिवस खोलीच्या तापमानाला ठेवले तर साखर बरीचशी खाली येते. तोपर्यंत भाजी नाहीतर सूप करा, उकडताना हा प्रश्न येत नाही.

साठवायचे बटाटे अंधारात ठेवा हेही आलंच. उजेड लागला की साल हिरवी होते. तो हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्याने काही होत नाही, पण त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात आणि ती ना उकळून जातात ना तळून. थोडासा हिरवा भाग असेल तर जाड सोलून काढा, बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर सरळ कंपोस्टमध्ये.

बटाट्यात जे नको तेच पार्सनिपमध्ये मुद्दाम हवं असतं. पार्सनिप म्हणजे पांढरट गाजरासारखं कंद, इंग्लंडात ख्रिसमसच्या जेवणात भाजलेलं असतं. वसंतात पेरायचं आणि कडाक्याच्या थंडीने दव गोठेपर्यंत जमिनीतच ठेवायचं. थंडी पडली की ते मुळातला स्टार्च मोडून साखर करतं, साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो म्हणून गारठ्यापासून थोडं संरक्षणही मिळतं. केलमध्ये, ब्रसेल्स स्प्राउट्समध्येही थंडीने गोडी येते. पार्सनिपच्या पाल्याची कापणी मात्र उन्हात उघड्या हाताने करू नका, त्याच्या रसात असं द्रव्य असतं की कातडीवर लागून ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने जात नाहीत.

टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचा की नाही यावरून घराघरात वाद असतात, त्याचाही निकाल लागलाय. टोमॅटोची चव म्हणजे साखर, आम्ल आणि शिवाय नाकाला कळणारी बरीच उडून जाणारी द्रव्यं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की पिकलेला टोमॅटो 5 अंशाला आठवडाभर ठेवला तर साखर आणि आम्ल तसंच राहतं पण वासाची द्रव्यं खूप घटतात, कारण ती बनवणारे जीन्स थंडीने बंद पडतात आणि बाहेर काढून एक दिवस ठेवलं तरी पूर्ण सावरत नाहीत. तेव्हा प्लॉटवरचा टोमॅटो ओट्यावर ठेवा, फार पिकून फुटायला आला तरच फ्रिज.

ऑक्टोबरात थंडी आली की वेलावर ढिगाने हिरवे टोमॅटो उरतात. त्यातले थोडे पांढुरके, पूर्ण वाढलेले असतात ते खोक्यात एखाद्या पिकल्या केळ्याबरोबर बंद करून ठेवा, केळं इथिलीन वायू सोडतं आणि टोमॅटो लाल होतात. कोकणात हापूसची अढी घालतात तिथेही हाच वायू काम करत असतो, गवतात कोंडला जातो इतकंच. जे कोवळे हिरवे राहतात त्यांची तीळ, शेंगदाणे, लसूण, मिरची परतून चटणी. इंग्लिश शेजारी व्हिनेगर आणि साखर घालून बरण्या भरतात, चांगली लागते, पण भाकरीबरोबर आपलीच.

शेवटी झुकिनी, जिला इंग्लंडात कूर्जेट म्हणतात. दोन झाडं चौघांच्या घराला पुरून उरतात. पानाखाली एखादी नजरेतून सुटली की आठवड्यात हाताएवढी होते. ती किसून थालिपिठात, कोवळी असेल तर दह्यात कोशिंबीर, भजी, मुगाची डाळ घालून भाजी, सगळं होतं. पण शिजवायच्या आधी कच्चा एक छोटा तुकडा जिभेला लावा आणि कडू लागला तर थुंकून सगळी फळं फेकून द्या. हे गमतीने सांगत नाहीये. काकडी, दुधी, भोपळा, झुकिनी या सगळ्या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं बनवायची क्षमता मुळात असते, माणसाने निवडून निवडून ती कमी केली. जर्मनीत 2015 मध्ये घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. आपल्याकडे दुधीच्या रसाने मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचाही सल्ला हाच, कडू लागला तर पिऊ नका. ‘औषध आहे, कडूच असणार’ म्हणून नाक दाबून पिण्यातच घात आहे. शिजवून हे विष जात नाही. काकडीचं देठ कापून घासून फेस काढतात, त्यात फायदा होतो तो देठाकडचा जास्त कडू भाग कापला जातो म्हणून, घासण्याने फार काही होत नसावं.

घरच्या झुकिनीत हा कडूपणा येतो बऱ्याचदा घरी धरलेल्या बियांमुळे. झुकिनी आणि शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे यातले बरेचसे एकाच जातीचे. मधमाशीला दोन्ही फुलं सारखीच, ती शेजारच्या शोभेच्या वेलावरून तुमच्या झुकिनीवर येते, त्या वर्षीचं फळ ठीकच लागतं पण त्यातल्या बियांत कडूपणाचे जीन्स येऊन बसतात आणि पुढच्या वर्षी ताटात येतात. मटार, फरसबी, टोमॅटो यांची फुलं बहुतेक वेळा आपली आपणच फळतात, त्यांचं बी खुशाल ठेवा, फक्त पाकिटावर एफ-1, म्हणजे संकरित, असं लिहिलेलं नसावं, नाहीतर पुढची पिढी तशीच येत नाही. झुकिनी आणि भोपळ्याचं पाकीट मात्र दर वर्षी नवीन विकत आणा, आणि कंपोस्टच्या ढिगातून आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल कितीही जोमदार दिसला तरी उपटून टाका.